रवा: पथ्य की सोय?

गोव्यातल्या घरात रक्तातील साखरेचा रिपोर्ट आला की पहिली कुऱ्हाड पडते ती भातावर. दुसऱ्या दिवसापासून त्या घरातल्या कर्त्या माणसाला सकाळी उपमा, रात्री तिखट सांजा आणि मधल्या वेळेला रव्याचा डोसा सुरू होतो. पेजेचे भांडे मांडणीवर उपडे पडते. शेजारीपाजारी विचारायला आले की सांगायचे, "भात पूर्ण बंद. आता फक्त रवा. रवा म्हणजे शेवटी गहूच ना!"

या शेवटच्या वाक्याशी माझे भांडण आहे. रव्याशी नाही. रवा मला आवडतो. सत्यनारायणाच्या शिऱ्याला नाही म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, आणि रवा लावून तळलेल्या विसवणाच्या तुकडीपुढे तर भले भले आपले तत्त्वज्ञान बाजूला ठेवतात. पण "रवा म्हणजे गहूच" हे अर्धसत्य आहे, आणि आमच्या गोव्याला हे अर्धसत्य परवडण्यासारखे नाही. का परवडत नाही, ते आधी सांगतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने देशभर मधुमेहाची जी मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. वीस वर्षांवरील लोकांमध्ये देशाची सरासरी ११.४ टक्के निघाली. गोव्याचा आकडा २६.४ टक्के! म्हणजे सर्व राज्यांत पहिला नंबर. साक्षरतेत, दरडोई उत्पन्नात आम्ही पुढे असतो तेव्हा छाती फुगवून सांगतो. या पहिल्या नंबराची मात्र चर्चा फारशी होत नाही. दुसरीकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) गोव्यातल्या १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ३९ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ३१ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे एकाच छपराखाली नवऱ्याच्या रक्तात साखर जास्त आणि बायकोच्या रक्तात लोह कमी. अशा घरात सकाळी ताटलीत काय पडते, हा चवीपुरता प्रश्न राहत नाही.

तर मुळात रवा म्हणजे काय? गव्हाच्या दाण्याचे तीन भाग. बाहेर कोंड्याचे आवरण, एका टोकाला इवलासा अंकुर आणि मध्ये पिठूळ गर. तंतू, लोह, ब जीवनसत्त्वे यांचा मोठा वाटा कोंड्यात आणि अंकुरात. गरात मुख्यतः पिष्ट आणि बरीचशी प्रथिने. गिरणीत गहू आधी ओलसर करतात, म्हणजे कोंडा चिवट होऊन सुटा निघतो. मग तो खाचा असलेल्या रुळांमधून भरडतात आणि चाळण्यांतून व हवेच्या झोतातून वेगवेगळा करतात. त्यात गराचे जे टणक कण मिळतात तो रवा. हेच कण पुढे गुळगुळीत रुळांखाली आणखी दळले की मैदा. म्हणजे मैदा आणि रवा ही एकाच घरातली भावंडे, फरक बराचसा कणाच्या आकाराचा. लग्नाच्या चिरोट्यांसाठी आणतो तो बारीक रवा तर मैद्याच्या उंबरठ्यावरच उभा असतो.

आता कुणी म्हणेल, मग रवा म्हणजे विषच की! तसेही नाही. इथे आकडे पाहिलेले बरे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यातले आकडे शंभर ग्रॅम कोरड्या धान्याचे आहेत, आणि ते मी जवळच्या अंकापर्यंत आणून देतो.

प्रथिने पाहिली तर रव्यात सुमारे ११.४ ग्रॅम, गव्हाच्या आट्यात १०.६, मैद्यात १०.४, उकड्या तांदळात ७.८, सुरय तांदळात ७.९ आणि नाचणीत ७.२. म्हणजे प्रथिनांच्या बाबतीत रवा तांदळाच्या आणि नाचणीच्या पुढे आहे, आट्याच्याही किंचित वर आहे. रव्याची बाजू घेणाऱ्यांनी हा मुद्दा खुशाल मांडावा, तो खरा आहे.

लोहाचा हिशेब वेगळा निघतो. आट्यात सुमारे ४.१ मिलिग्रॅम, रव्यात ३, मैद्यात १.८. नाचणीत ४.६, ज्वारीत ४ च्या आसपास, बाजरीत ६.४. पॉलिश केलेल्या तांदळात मात्र जेमतेम ०.७, मग तो सुरय असो की उकडा. म्हणजे रवा इथे आटा आणि मैदा यांच्या मधोमध उभा. चुन्याचे, म्हणजे कॅल्शियमचे म्हणाल, तर नाचणीपुढे सगळेच हात टेकतात. नाचणीत ३६४ मिलिग्रॅम. रव्यात त्याचा दहावा भागही नाही, आणि तांदळात तर दहाच्या आतबाहेर.

तंतूंच्या बाबतीत मोठी गंमत आहे. आपला हैदराबादचा तक्ता रव्यात ९.७ ग्रॅम तंतू दाखवतो, म्हणजे आट्याच्या (११.४) जवळपास. अमेरिकन तक्ता मात्र रव्यात ३.९ ग्रॅम सांगतो. दोन्ही तक्ते जाणकारांनीच केलेले. मग खरे कोणाचे? माझे मत असे की ज्याच्या त्याच्या रव्यापुरते दोघांचेही खरे. गहू कोणता घेतला, गिरणीने कोंडा किती काढला, चाळणी किती बारीक लावली, यावर रव्याचे सत्त्व ठरते. म्हणजे दुकानात "रवा" या एकाच नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पिवळसर, जाड, अधूनमधून तपकिरी कण दिसणारा रवा आणि दुधासारखा पांढराशुभ्र बारीक रवा, यांना एकाच मापाने मोजू नये. आणि लापशीचा दलिया, जो अख्खा गहू भरडून कोंड्यासकट करतात, तो या दोघांपेक्षाही निराळा. ज्याला खरोखर "गहूच" खायचा आहे त्याने दलियाची पिशवी उचलावी. (इडली रवा हा तर गव्हाचा नव्हेच, तो उकड्या तांदळाचा. नाव ऐकून फसू नये.)

या साऱ्या धान्यांची एक गोष्ट मात्र सारखी आहे, आणि नेमकी तीच मधुमेहाच्या घरात विसरली जाते. शंभर ग्रॅम रवा घ्या, उकडा तांदूळ घ्या, आटा घ्या, नाचणी घ्या, उष्मांक साधारण ३२० ते ३६० च्या दरम्यानच. पिष्ट सगळ्यांत भरपूर. भाताऐवजी तेवढाच रवा खाल्ल्याने साखरेच्या हिशेबात क्रांती होत नाही. वाटीभर रव्याचा, म्हणजे सुमारे साठ ग्रॅमचा उपमा घेतला तर नुसत्या रव्याचे दोनशे उष्मांक. त्यात पळीभर तेल, वरून सोय आणि बाजूला शेव. (आमच्याकडे सोय म्हणजे खवलेला नारळ, हे गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी.) पेज सोडणाऱ्या माणसाला वाटते आपण पथ्य पाळतो, ताटली मात्र पेजेपेक्षा जड झालेली असते. पेजेत निदान पाणी तरी भरपूर असायचे!

पेजेचा विषय निघालाच आहे तर उकड्या तांदळाविषयी चार शब्द. हल्ली "भात वाईट" असे सरसकट म्हणण्याची पद्धत पडली आहे. परंतु उकडा आणि सुरय यांच्यात एक जुना, महत्त्वाचा फरक आहे. भात सालीसकट उकडला की कोंड्यातली काही जीवनसत्त्वे, विशेषतः ब-१, पाण्याबरोबर दाण्याच्या आत शिरतात आणि नंतर कांडताना पूर्ण निघून जात नाहीत. हे जीवनसत्त्व कमी पडले की बेरीबेरी नावाचा रोग होतो. क्रिस्तियान आइकमन हा डच डॉक्टर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जावा बेटावर काम करत होता. पांढराशुभ्र सडलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा आजार होतो आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात, हे त्याने पाहिले. त्या कामासाठी त्याला १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेही विभागून. आमच्या कुळागरातल्या आणि खाजन शेतांतल्या बायकांना नोबेल वगैरे काही ठाऊक नव्हते, पण त्या पिढ्यानपिढ्या भात उकडूनच घेत होत्या. खाजनातल्या खाऱ्या पाण्याला दाद न देणारा कोरगुट तांदूळ, तो उकडून, लाल कोंडा थोडा अंगावर ठेवून कांडलेला. त्याची पेज आणि आजच्या पॉलिश केलेल्या कोलमचा मऊ भात, हे एकाच पंक्तीला बसवणे न्यायाचे नाही.

पण म्हणून पेज हे मधुमेहावरचे औषध, असेही मी म्हणणार नाही. खूप शिजवलेले पिष्ट लवकर पचते, आणि लवकर पचते तेव्हा साखरही लवकर चढते. हा नियम पेजेलाही लागू आणि मऊ शिजवलेल्या उपम्यालाही लागू. इटालियन लोक रव्याचाच पास्ता खातात, त्यांना कुठे काय होते, असा युक्तिवाद मी ऐकला आहे. पास्ता ड्युरम जातीच्या कडक गव्हाच्या रव्याचा असतो हे खरे. पण त्याचे पीठ मळून, दाबून, घट्ट करून वाळवलेले असते, त्यामुळे तो सावकाश पचतो. ते श्रेय त्या घट्ट बांधणीचे. तोच रवा पाण्यात सैल शिजवून लापशी केली की ते श्रेय उरत नाही.

मग पेजेचे मोठेपण कशात होते? ते पेजेच्या आजूबाजूला होते! नुसती पेज कोणी पीत नसे. सोबत कुळथाचे काही तरी, अळसांद्यांचे तोणाक, मुगागाठी, नाहीतर सुक्या बांगड्याचा तुकडा, मिठातले तोर. कुळथात शंभर ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिने आणि आठ मिलिग्रॅमच्या वर लोह असते. अळसांद्यांतही वीस-एकवीस ग्रॅम प्रथिने. शिवाय तांदूळ काय, गहू काय, या धान्यांच्या प्रथिनांत लायसिन नावाचे आवश्यक आम्ल कमी असते. कडधान्यात ते भरपूर असते. कडधान्यात मेथिओनिन कमी, ते धान्य भरून काढते. म्हणजे पेज आणि कुळीथ ही जोडी एकमेकांची उणीव झाकणारी, जुन्या संसारासारखी. ही गोष्ट पोषणशास्त्राने पुस्तकात नंतर लिहिली. आमच्या घरांत ती मांडणीवरच्या डब्यांत आधीपासून होती.

उपम्याने नेमकी ही जोडी मोडली. उपमा एकटा येतो. त्याच्यासोबत कुळीथ येत नाही, अळसांदे येत नाहीत. फार तर चार शेंगदाणे, चमचाभर उडीदडाळ आणि वरून कोथिंबीर. म्हणून माझा प्रश्न "रवा चांगला की वाईट" असा नाहीच. माझा प्रश्न आहे, रवा ताटात आला तेव्हा त्याने ताटातून कोणाला उठवले? तक्त्यात रव्याची प्रथिने उकड्यापेक्षा साडेतीन ग्रॅमने जास्त दिसतात, पण त्यासोबतचे कडधान्य गेले तर जमाखर्चात तोटाच उरतो.

असाच उठवला गेलेला दुसरा पाहुणा म्हणजे नाचणी. सत्तरी, सांगे, काणकोण या भागांत डोंगरउतारावर कुमेरी पद्धतीने नाचणी पिकायची. तिची भाकरी, आंबील, गूळ-नारळाच्या रसातले तिजाण, लहान मुलांसाठी सत्त्व. कुमेरीवर निर्बंध आले, डोंगरांवर काजू आला, तरुण मुले नोकरीसाठी शहराकडे गेली आणि नाचणी आमच्या पानातून हळूहळू बाहेर गेली. तिच्यावर "गरिबांचे खाणे" असा शिक्का होताच. रवा मात्र दुकानातून आलेला, पांढरा, पाहुण्यांपुढे ठेवता येण्याजोगा. गोवा हा भाताचा देश. इथे गहू पिकत नाही, तो बाहेरून येतो. बाहेरून येणाऱ्या वस्तूला आपल्याकडे नेहमीच थोडा जास्त मान, ही गोष्ट काही फक्त रव्यापुरती नाही.

चोरला घाट चढून बेळगावकडे गेले की चित्र थोडे बदलते. तिथल्या मराठी घरांत जोंधळ्याची भाकरी अजून रोजच्या जेवणात आहे. ज्वारीत प्रथिने दहा ग्रॅमच्या आसपास, तंतू दहाच्या वर. त्याच पट्ट्यात खपली गहू होतो, ज्याची खीर आणि लापशी तिकडची खासियत. रवाही तिकडे भरपूर खातात, पण भाकरी, उसळ आणि पालेभाजी यांच्या शेजारी. आमच्याकडे भाजीचे ट्रक रोज त्याच घाटाने उतरतात. भाकरीची सवय मात्र घाटावरच राहते!

रव्याची आणखी एक कीर्ती म्हणजे "पचायला हलका". आजाऱ्याला, बाळंतिणीला, म्हाताऱ्यांना रव्याची खीर किंवा पातळ लापशी देतात, आणि त्यात चूक काही नाही. पोट बिघडलेल्या माणसाला चार दिवस मऊ, कोंडा कमी असलेले अन्नच सोसते. घोटाळा होतो तो चार दिवसांचे पथ्य चाळीस वर्षे चालू ठेवल्यामुळे. धडधाकट माणसाने रोज पोटाला हलके तेच खायचे ठरवले तर पोटाने काम काय करायचे? आणि ज्यांना गव्हातले ग्लुटेन सोसत नाही, ज्यांना सिलिॲक रोग आहे, त्यांच्यासाठी रवा मुळीच हलका नाही, तो पूर्ण वर्ज्य आहे. "पोळी नको, उपमा चालेल" असे त्यांना आग्रहाने वाढणारे यजमान मी पाहिले आहेत. रवा हा गव्हाचाच, हे वाक्य नेमके जिथे आठवायला हवे तिथे आठवत नाही!

शिऱ्याचाही हिशेब करून टाकू, म्हणजे रव्यावर भलता आरोप राहणार नाही. प्रसादाचा शिरा म्हणजे रवा, साखर, तूप सारख्या मापाने. पन्नास ग्रॅम रवा घेतला तर त्याचे सुमारे १६७ उष्मांक, पन्नास ग्रॅम साखरेचे २००, पन्नास ग्रॅम तुपाचे ४५०. एकूण आठशेच्या वर. त्यात रव्याचा वाटा जेमतेम पाचवा. मधुमेही माणूस म्हणतो "शिऱ्यातल्या रव्याने साखर वाढली". बिचारा रवा! प्रसाद हा हातावर घ्यायचा असतो, वाटीभर नव्हे. ही मर्यादा आमच्या पूर्वजांनी घालूनच दिली होती. आज आठवड्याला दोन बारसी, तीन वाढदिवस, कार्यालयात कुणाची तरी बढती, आणि प्रत्येक ठिकाणी शिरा-उपम्याची प्लेट. सण रोजचा झाला की प्रसादाचे जेवण होते.

आता रवा जिंकला का, हेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. अंकुर आणि कोंडा काढल्यामुळे रव्यातला स्निग्धांश अगदी कमी होतो, शंभर ग्रॅममागे पाऊण ग्रॅमच्या आसपास. म्हणून तो लवकर खवट होत नाही. बाजरीत पाच ग्रॅमच्या वर स्निग्धांश. तिचे पीठ दळून आणले की थोड्याच दिवसांत कडू लागते. रवा भाजून डब्यात ठेवला की पावसाळ्यातही टिकतो, आणि दहा मिनिटांत न्याहारी तयार. सकाळी साडेसातची बस पकडून पणजीला किंवा वेर्ण्याला कामाला जाणाऱ्या बाईला कुणी कुळीथ भिजवा, नाचणी दळा, आंबील आंबवा असे शिकवू लागला, तर तिने त्याच्या हातात कालथा द्यावा, हेच योग्य. पारंपरिक आहाराचे गोडवे गाणाऱ्या लेखांत (पुरुषांनी लिहिलेल्या, विशेषतः) हा मुद्दा हमखास गाळलेला असतो. जुने अन्न सकस होते हे खरे, पण त्यासाठी कोणाची तरी कंबर पहाटेपासून वाकलेली असे, हेही तितकेच खरे. रव्याने ती कंबर थोडी सरळ केली. त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

म्हणूनच मी म्हणतो, रव्याला "सोय" म्हणून मान द्या, "पथ्य" म्हणून पाट देऊ नका. सोयीचे अन्न सोयीपुरते असते; त्याला औषधाचे नाव दिले की आपण माप सोडतो. मधुमेही माणसाने काय आणि किती खावे ते त्याच्या डॉक्टराला आणि आहारतज्ज्ञाला विचारावे. पण "भात बंद" हा निरोप घरी येईपर्यंत "रवा हवा तेवढा" असा होतो, तो बदल डॉक्टर करत नाही, आपण करतो.

उलट दिशेने धावणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. २०२३ हे वर्ष भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि बाजारात नाचणीच्या नावाची पाकिटे दिसू लागली. पाकीट उलटे करून मागची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. नाचणीच्या बिस्किटांत पहिले नाव मैद्याचे आणि दुसरे साखरेचे असेल, तर ती नाचणी केवळ पाकिटावरच्या चित्रापुरती. घरच्या सत्त्वाचेही तसेच. मोड आणून वाळवलेली नाचणी चांगलीच. मोड आल्याने आणि आंबवल्याने लोह अडवून धरणारे फायटेट कमी होतात. पण तिचे पीठ कापडातून पुन्हा पुन्हा गाळून फक्त पांढरे दूध ठेवले की तंतू आणि काही खनिजे चोथ्याबरोबर कुळागरात जातात. म्हणजे आम्ही नाचणीचाही रवा करतो, आणि मग म्हणतो सत्त्व!

मग करायचे काय? फार अवघड काही नाही. उपमा करायचाच तर रवा निम्मा आणि भाज्या निम्म्या, त्यात मूठभर मोडाचे मूग किंवा उकडलेले अळसांदे. अळसांदे रविवारी एकदाच उकडून शीतपेटीत ठेवता येतात. वरून लिंबू पिळा. धान्यातले लोह अंगी लागायला आंबट मदत करते. आणि उपम्याबरोबरचा चहा तासभर पुढे ढकला, कारण चहा तेच लोह अडवतो. रक्तक्षयाच्या घरात या दोन गोष्टी फुकट मिळणारे औषध आहेत. आठवड्यातून दोन दिवस रव्याऐवजी दलिया आणा. त्याचा उपमा कुकरमध्ये तितक्याच वेळात होतो. दोन दिवस नाचणी, भाकरी जमत नसेल तर ताकातली आंबील. आणि एखाद्या दिवशी तरी उकड्याची पेज, बेताची, पण तिच्या सगळ्या सोयऱ्यांसकट. पोदेराकडून पोई घेता तेव्हा कोंडा आत आहे की वरवर भुरभुरला आहे तेही जरा मोडून पाहा. गव्हातला कोंडा गोव्यात त्या पोईनेच तर आणला.

आणि हे सारे केवळ रक्ताच्या तपासणीसाठी नाही. पान बदलते तेव्हा बोलीही बदलते. उपमा, शिरा हे शब्द मुंबईपासून म्हैसूरपर्यंत सगळ्यांचे आहेत. ते टिकवायला आमची गरज नाही. तोणाक, तिजाण, तोर, दहा वाजताची पेज, हे शब्द आमच्याच जिभेवर आहेत, आणि जिभेवरचा पदार्थ गेला की जिभेवरचा शब्दही जातो. शब्दकोशात ठेवलेला शब्द पोट भरत नाही. आजच्या मुलाला विचारा, तिजाण म्हणजे काय? तो आईकडे पाहील. आई आजीकडे पाहील. आजी असेल त्या घरात उत्तर मिळेल.

असो. रवा राहू द्या घरात. चतुर्थीला त्याचे लाडू होऊ द्यात, सत्यनारायणाला शिरा होऊ द्या, बांगड्याला लागू द्या. फक्त त्याच्या डब्याशेजारी कुळीथ, अळसांदे आणि नाचणी यांचेही डबे भरलेले असू द्या. रवा संपला म्हणून वाण्याकडे धावणारे आम्ही, कुळीथ संपले म्हणून शेवटचे कधी धावलो होतो, एवढे ज्याने त्याने आठवून पाहावे.